जुन्या पार्टांतून डबल शॉकअपची एमटीबी जोडायची असेल तर

प्रश्न असा आहे: नाशिकचे एक जण, वजन ८२ किलो, घरी २६ इंचाची ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल) पडून आहे, नऊ स्पीड, हायड्रॉलिक ब्रेक. जुनी फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही शॉक असलेली फ्रेम घ्यायची, घरच्या सायकलचे पार्ट त्यावर चढवायचे आणि ४५ हजारांत काम उरकायचं, जमेल का?

जमेल, पण ओढाताण होईल. मी पुण्यात पंधराएक वर्षं हे उद्योग करतोय, दुकान नाहीये माझं, गॅलरीत स्टँड आहे आणि बायकोची बोलणी आहेत. अशा तीन सायकली जोडल्या, त्यातली पहिली पूर्ण फसली, दुसरी अजून चालते, तिसरी भाच्याला दिली. तिसरीचा हिशोब लिहून ठेवला होता तो आधी देतो म्हणजे अंदाज येईल. फ्रेम मागच्या शॉकसकट १६ हजार, पिव्हटची (फ्रेमचा मागचा भाग हलतो त्या सांध्यांची) बेअरिंगं आणि शॉकचे सील मिळून ४,१००, जुना एअर फोर्क (हवेवर दबणारा पुढचा शॉक) साडेअकरा, चाकं सात, ब्रेक ५,४००, शिफ्टर-डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा)-कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा)-चेन-पुढची चकती ८,२००, टायर ३,८००. आणि हेडसेट (हँडल वळतं त्या जागेची बेअरिंगं), एक्सल (चाकाचा दांडा), हँगर (डिरेलर लटकतो तो तुकडा), ॲडॉप्टर, केबल, नटबोल्ट, कुरिअर असल्या किरकोळ वस्तू ५,३००. बेरीज ६१,३००. हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), सीट, पेडल घरचं होतं ते यात धरलंच नाही. तुमचे ब्रेक आणि गिअर चालण्यासारखे असतील तर त्यातले १३,६०० वजा करा, म्हणजे ४७-४८ हजार. मी ठरवलं किती होतं माहितीये? चाळीस.

तर किरकोळ म्हणून जो आकडा आहे ना, माणूस तिथेच फसतो. फ्रेम घेताना आपण घासाघीस करून दोन हजार कमी करतो आणि मग त्या फ्रेमचा मागचा एक्सल नाहीये हे घरी येऊन कळतं, तो कुठे मिळत नाही, बाहेरून मागवायचा तर तीन हजार. म्हणून फ्रेम बघायला जाताना खिशात व्हर्नियर न्या, लोक हसतील, हसू दे.

आता फ्रेम. २६ इंचाच्या चांगल्या फुल सस्पेन्शन फ्रेम आत्ता स्वस्त आहेत कारण २०१३ च्या आसपास सगळ्यांनी साडेसत्तावीस आणि एकोणतीस धरलं आणि २६ वाल्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. तुमच्याकडे २६ चंच सामान आहे तेव्हा तुम्हाला हे पथ्यावरच पडेल. फक्त २६ मध्ये चांगल्या पकडीचे ट्रेल टायर आपल्याकडे दिवसेंदिवस कमी मिळायला लागलेत, दिसले की दोन जास्तीचे घेऊन ठेवा. फ्रेमचा प्रकार कुठला घ्यावा म्हणाल तर डोळे झाकून सिंगल पिव्हट. चार-चार लिंक असलेल्या फ्रेम चालवायला जास्त गोड असतात हे खरंय, पण प्रत्येक सांध्यात दोन बेअरिंगं, आणि जुन्या फ्रेमची सगळी बेअरिंगं गेलेलीच असतात, असं धरूनच चालायचं. सिंगल पिव्हटला मोठा सांधा एकच, बिघडायला जागा कमी.

तडे कुठे बघायचे: हेडट्यूबच्या (पुढची उभी नळी) खाली जिथे डाउनट्यूब (खालची तिरकी नळी) जोडलीये तिथे, सीटट्यूब (सीटखालची नळी) आणि टॉपट्यूबच्या (वरची नळी) सांध्याला, शॉक जिथे बसतो त्या कानांना, आणि सगळ्यात जास्त बीबीच्या (पेडलचा दांडा फिरतो ती जागा) मागे चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) वेल्डिंगला. थिनरने पुसायचं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा. रंगाला गेलेला तडा आणि धातूला गेलेला तडा यात शंका असेल तर भोसरी-चिंचवडकडे किंवा तुमच्या सातपूर-अंबडला कुठल्याही वर्कशॉपमध्ये डीपी टेस्टचे स्प्रे असतात, लाल रंग मारून पुसतात, वर पांढरा मारला की तडा असेल तर लाल रेघ उमटते. ओळखीचा माणूस चहावर करून देतो. तडा निघाला तर फ्रेम सोडून द्या. वेल्डिंगवाला म्हणेल आर्गनने मारून देतो साहेब, पण या नळ्या बहुतेक ६०६१ ॲल्युमिनियमच्या, वेल्डिंगनंतर उष्णतेची प्रक्रिया करून त्यांना ताकद आणलेली असते, पुन्हा तापवलं की ती तिथेच गेली. कपाटाचं हँडल नाहीये हे, त्यावर बसून उतारावर जायचंय. आणि हो, बीबीच्या खालचा सीरियल नंबर खरवडलेला असेल तर किती का स्वस्त मिळेना, हात लावू नका.

मागचा शॉक. इथे माझी पहिली सायकल फसली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या शॉकची दोन मापं असतात, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत लांबी आणि तो किती दबतो तो स्ट्रोक. जुन्या फ्रेमना १९० बाय ५१, २०० बाय ५७, २१६ बाय ६३ अशी मापं, नंतर २०१७ च्या सुमाराला मेट्रिक मापं आली २१० बाय ५५ वगैरे. माझी फ्रेम बिनशॉकची होती, त्यामुळेच स्वस्त होती हे मला तेव्हा कळलं नाही. तिला हवा होता २०० बाय ५७. मला मिळाला १९० बाय ५१, एकदम कडक कंडिशन. म्हटलं काय होईल, जरा ट्रॅव्हल (चाक जेवढं वर-खाली जातं ते) कमी मिळेल एवढंच ना, सहा मिलीमीटरने काय आभाळ कोसळतंय.

आता गणित बघा. त्या फ्रेमचं मागचं ट्रॅव्हल १४० मिमी, स्ट्रोक ५७, म्हणजे शॉक एक मिमी दबला की चाक साधारण अडीच मिमी वर जातं. शॉक दहा मिमी आखूड, म्हणजे न दबताच मागचं चाक २५ मिमी वर जाऊन बसलं, सायकल मागून खचली, बीबी दीड सेंटिमीटर खाली. वेताळ टेकडीवर साध्या चढाला पेडल दगडांना आपटायला लागलं, ठक ठक ठक. हे एक झालं. दुसरं जास्त वाईट. पूर्ण दबल्यावर मूळ शॉकची लांबी २०० वजा ५७ म्हणजे १४३, माझ्यावाल्याची १९० वजा ५१ म्हणजे १३९. चार मिमी जास्त आत गेला, गुणिले अडीच, चाक ठरल्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त वर. आणि तिथे सीटट्यूब होती. दोन फुटांच्या ड्रॉपवर, म्हणजे पायरीवरून खाली उतरताना, टायर सीटट्यूबला जाऊन घासला, मागचं चाक क्षणभर जाम झालं आणि मी मुरमावर. कोपराची खूण अजून आहे.

तेव्हापासून शिस्त अशी की सायकल अर्धवट जोडलेली असतानाच, फक्त मागचं चाक आणि शॉक लावून, शॉकची हवा पूर्ण सोडायची आणि मागचं चाक हाताने पूर्ण वर दाबायचं. टायर कुठे लागतो का, लिंक फ्रेमला टेकते का, सगळं त्या अवस्थेत बघायचं. हे पाच मिनिटांचं काम आहे, मी ते तेव्हा केलं नाही.

म्हणजे फ्रेम शक्यतो शॉकसकटच घ्या, आणि शॉकच्या दोन्ही बाजूचे बोल्ट, बुश, वॉशर मोजून घ्या. शॉकच्या भोकात एक पातळ बुश असतो, आतून अर्ध्या इंचाचा म्हणजे १२.७ मिमी, आणि त्यात दोन्हीकडून टोप्या बसतात ज्यातून बहुतेक ८ मिमीचा बोल्ट जातो. या टोप्यांची रुंदी प्रत्येक फ्रेमला वेगळी. त्या नसतील तर लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या करून मिळतात, मी जोडीला साडेतीनशे दिले होते, पण आतला पातळ बुश मात्र विकतच घ्या, पितळेचा करून बघितला, दोन महिन्यांत खडखड सुरू.

शॉक एअरचाच घ्या. १५-१६ हजाराच्या तयार डबल शॉकअपच्या सायकली मिळतात ना, त्यात नुसती स्प्रिंग असते, परत येताना तिला आवरायला आत तेलाचं डॅम्पिंगच नाही, मग खड्ड्यातून बाहेर पडताना सायकल खोगीर सुटलेल्या घोड्यासारखी उडते. एअर शॉकचं बाहेरचं सील घरी बदलता येतं, हवा सोडायची, जुन्या ट्यूबची पट्टी डब्याला करकचून गुंडाळायची म्हणजे पकड येते आणि डबा फिरवून उघडायचा. मात्र हवा सोडल्यावर शॉक आपोआप आत ओढला जाऊन तिथेच अडकून बसला तर त्याला उघडायला जाऊ नका, आतल्या उलट्या बाजूच्या कप्प्यात दाब अडकलेला असतो, डबा गोळीसारखा सुटतो. आतल्या नायट्रोजनच्या कप्प्याला तर कधीच हात लावायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

पिव्हटची बेअरिंगं. यात एक आनंदाची बातमी आहे, ती सायकलची स्पेशल वगैरे काही नसतात. जुनं बेअरिंग काढलं की कडेला नंबर असतो, ६९०२, ६०००, ६९०० असं काहीतरी, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं, सायकलच्या दुकानात नाही. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिमी, बस. रबर सीलवालं मागा, पत्र्याच्या झाकणाचं नको. ही बेअरिंगं चाकासारखी गोल फिरत नाहीत, जागच्या जागी थोडीशी हलतात, त्यामुळे छर्रे झिजून मरत नाहीत, पाणी शिरून गंजून मरतात. म्हणून नवीन बेअरिंगचं सील ब्लेडच्या टोकाने अलगद उचलायचं, आत ग्रीस गच्च भरायचं आणि पुन्हा बसवायचं, आपल्या पावसाळ्यात याचा फार फरक पडतो.

बसवताना हातोडी नको. हार्डवेअरच्या दुकानातून १० मिमीचा आट्यांचा रॉड फूटभर, चार नट आणि जाड वॉशर आणा, माझा हा जुगाड बोहरी आळीत दीडशे रुपयांत झाला. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढं जुनं बेअरिंग किंवा सॉकेट लावून पान्याने हळूहळू आवळायचं. दाब बाहेरच्या कड्यावरच आला पाहिजे, आतल्या कड्यावर दाबलंत तर नवीन बेअरिंग बसता बसताच गेलं. पहिल्यांदा दोन घालवलीत मी अशी. पिव्हटच्या बोल्टांना निळं लॉकटाइट (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव), लाल नाही, आणि फ्रेमवर लिहिला असेल तेवढाच टॉर्क (आवळायचा जोर).

पुढचा फोर्क. तुमच्या हार्डटेलचा चिमटा काढून इकडे लावू नका, तो बहुतेक २८-३० मिमी पायांचा स्प्रिंगवाला असणार, मागे १४० मिमी आणि पुढे तो, म्हणजे धोतरावर बूट. जुना एअर फोर्क बघा ज्याला रिबाउंडचं (दबल्यावर किती वेगाने परत यायचं ते ठरवणारं) बटण आहे, पाय निदान ३२ मिमी. घेताना बघायचं ते हे: पायांवर नखाला लागेल असा ओरखडा नसावा, स्टिअरर ट्यूब (फोर्कची हेडट्यूबमधून वर जाणारी नळी) आधीच्या मालकाने किती कापलीये, आणि ती सरळ आहे की खाली जाड. स्टिअररची लांबी लोक विसरतात, तुमच्या फ्रेमची हेडट्यूब १२० असेल तर हेडसेटचे वीसएक, स्टेमचे चाळीस, म्हणजे १८० तरी हवी, १७० ची निघाली तर फोर्क मातीमोल. सरळ स्टिअरर जाड हेडट्यूबमध्ये खालची वाटी बदलून बसतो. उलटं म्हणजे खाली जाड असलेला स्टिअरर जुन्या बारीक हेडट्यूबमध्ये बसत नाही, कुणी काहीही सांगो. हेडट्यूब आतून ४४ मिमीची असेल तर मात्र बाहेर येणारी खालची वाटी लावून जमतं. फोर्कची उंची फ्रेमच्या मापापेक्षा २० मिमी जास्त झाली की पुढचा कोन जवळपास एक अंशाने पडतो, तेवढं चालतं, उलट जुन्या उभ्या कोनाच्या फ्रेमना ते बरंच, पण त्यापुढे जाऊ नका, हेडट्यूबवर जोर येतो.

फोर्क आणल्या आणल्या खालचे पाय उतरवून तेल बदला. जुन्या फोर्कमधून माझ्या अनुभवात तेल नाही, चहा निघतो. किती मिली ते कंपनीच्या तक्त्यात असतं, मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणली की काम होतं.

चाकं. इथे तुमची पंचाईत होऊ शकते. तुमच्या हार्डटेलचा मागचा हब १३५ मिमीचा क्विक रिलीजचा (हाताने लिव्हर उघडून चाक निघतं तो) असणार, फ्रेम जर १४२ ची बारा मिमी एक्सलवाली असेल तर तो हब बसायचा नाही, काही हबना टोकं बदलून मिळतात, बहुतेकांना नाही. म्हणून मी म्हणेन की १३५ क्विक रिलीजवाली फ्रेम मिळाली तर दोन पावलं जुनी असली तरी तीच घ्या, पाच-सात हजार वाचतात आणि चाक नेऊन गल्लीतल्या माणसाकडून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घेतलं की झालं. बारा मिमीवाली घेतलीत तर तिचा एक्सल तिच्यासोबतच आला पाहिजे, कारण आटे एकाचे १.०, एकाचे १.५, एकाचे १.७५ असे तीन प्रकार फिरतात आणि लांबीही वेगवेगळी. चुकीचा घुसवून फ्रेमचे आटे गेले की संपलं. डिरेलरचा हँगरही तसाच, प्रत्येक फ्रेमचा वेगळा. नसेल तर विकणाऱ्याकडून पाचशे कमी करून घ्या आणि सीएनसीवाल्याकडे दोन बनवा, एक पिशवीत.

गिअर तुमचे नऊ स्पीडचेच ठेवा, पुढचा डिरेलर फेकून द्या, पुढे एकच ३० किंवा ३२ दातांची मोठे-लहान दातवाली चकती. शिमानोचे नऊ स्पीडचे शिफ्टर आणि दहा स्पीडचे एमटीबी डिरेलर एकमेकांशी जमत नाहीत, केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं आहे, तेव्हा मित्राकडचा दहाचा डिरेलर फुकट मिळतोय म्हणून लावू नका. मागे ११-३६ असेल तर सिंहगडच्या डांबरी चढाला मांड्या बोलतील, पण चालेल. बीबी आट्यांची असेल तर तुमचाच क्रँक बसेल बहुधा, उजवी वाटी उलट्या आट्यांची असते हे लक्षात ठेवा, हे विसरून मोठा पाना लावून फ्रेमचे आटे उडवलेले लोक मी पाहिलेत.

चेनची लांबी हार्डटेलसारखी मोजायची नाही. शॉक दबतो तसा मागचा एक्सल बीबीपासून लांब जातो, चेन ताणली जाते. म्हणून पुन्हा शॉकची हवा सोडा, चाक पूर्ण वर घ्या, बांधून ठेवा, चेन पुढच्या चकतीवरून कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर डिरेलरशिवाय गुंडाळा आणि वर एक आतली, एक बाहेरची कडी ठेवून तोडा. आखूड तोडलीत तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात डिरेलर उपटून हातात येईल. मागच्या ब्रेकची नळी आणि गिअरची केबलसुद्धा याच अवस्थेत बांधायची, सांध्यापाशी थोडा झोल ठेवून. तुमच्या हार्डटेलची मागची नळी कदाचित पुरणार नाही, नवी नळी आणि ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं) धरून ठेवा. आणि तेल कुठलं ते बघा, शिमानोला मिनरल ऑइल, डॉटवाल्या ब्रेकला डॉट नावाचं ब्रेक ऑइल, एकाचं दुसऱ्यात गेलं की सील फुगतात आणि ब्रेक बाद.

पैसे कमी पडायला लागले तर कुठे कापायचे? हँडल, सीट, पेडल, ग्रिप, रंग, सगळीकडे कापा. ब्रेक, टायर आणि फोर्कवर नको. स्टेम मात्र ५० मिमीचा आखूड आणि हँडल ७४० च्या आसपास रुंद करून बघा, जुन्या फ्रेमना त्याने एकदम पाच वर्षांनी तरुण केल्यासारखं वाटतं आणि खर्च दीड-दोन हजार. आणि खरं सांगू का, नाशिकला तुम्ही जर मुख्यतः कच्चे रस्ते आणि पांडवलेणीकडची साधी वाट करत असाल तर त्याच हार्डटेलला १८ हजारांचा चांगला फोर्क आणि टायर लावा, तुम्हाला जास्त मजा येईल. पण तुम्हाला जोडायचीच असेल, तो किडा मला माहितीये, तर जोडा.

सेटिंग. मागच्या शॉकला सुरुवातीला आपल्या वजनाचे पौंड तेवढे पीएसआय, तुमचे ८२ किलो म्हणजे १८० पासून सुरू करा, साधा पंप नाही, शॉकपंप लागतो, तोही बजेटमध्ये धरा. बॅग, पाणी, हेल्मेट सगळं घालून भिंतीला टेकून बसा, शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग वर सरकवा, हळूच उतरा. ५७ च्या स्ट्रोकला रिंग १६ मिमीच्या आसपास थांबली पाहिजे. कमी-जास्त असेल तर पाच-पाच पीएसआयने बदला. पुढे फोर्कला त्याहून जरा कमी दबलं पाहिजे, वीस-पंचवीस टक्के.

पहिल्या दिवशी घाट-बीट नाही. घराजवळ पाच-सहा किलोमीटर खराब रस्ता, खिशात ॲलनचा सेट, आणि दर दोन किलोमीटरला थांबून प्रत्येक पिव्हटला हात लावायचा. तिसऱ्या सायकलच्या वेळी भाचा म्हणाला, मामा, काही हलत नाहीये, चला ना. मी तरी किल्ली लावली, डावीकडचा मुख्य बोल्ट पाव आटा फिरला. लॉकटाइट लावायचं मीच विसरलो होतो.